दोन मिनिटांचा सुपरहीरो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन मिनिटांत काय काय होऊ शकतं? गॅसवरचं दूध उतू जातं. लोकलचे दोन डबे भरतात. आणि इंग्लंडमधल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची, निदान मी तिथे शिकवत होते तेव्हा, एक अख्खी परीक्षा होत असे. ही परीक्षा होती सिनेमाची, तीही पूर्ण सिनेमाची नव्हे, फक्त त्याच्या सुरुवातीची. आज मी तुम्हाला त्या दोन मिनिटांची गोष्ट सांगणार आहे. ती कशी तयार करतात, कशी तपासतात, आणि एका वर्षी चार मुलांनी केलेली दोन मिनिटं तपासताना माझीच परीक्षा कशी झाली, ते.

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर लंडनला गेले, तिथे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि पूर्व लंडनमधल्या एका कॉलेजात ‘मीडिया स्टडीज’ हा विषय शिकवू लागले. मीडिया स्टडीज म्हणजे वृत्तपत्रं, रेडिओ, दूरचित्रवाणी, सिनेमा आपल्याशी कसे बोलतात याचा अभ्यास. तिकडे या विषयाला ‘मिकी माऊस विषय’ म्हणून हिणवायची पद्धत आहे. गणित, भौतिकशास्त्र हे खरे विषय. हा म्हणजे पोरखेळ. माझ्या सासूबाईसुद्धा फोनवर विचारायच्या, ‘‘म्हणजे तू मुलांना सिनेमा दाखवतेस आणि त्याचा पगार देतात?’’

आमचं परीक्षामंडळ होतं ओसीआर. २००८ साली लागू झालेल्या त्यांच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी हे प्रात्यक्षिक होतं. आधी एक छोटा सराव. एक माणूस दार उघडतो, खोली ओलांडतो, समोरच्या माणसापुढच्या खुर्चीत बसतो आणि दोघं दोन वाक्यं बोलतात. एवढंच चित्रित करायचं. ऐकायला किती सोपं! पण पहिल्या प्रयत्नात दार बाहेरून उजव्या हाताने उघडलं जातं आणि आतून दाखवताना तोच माणूस डाव्या हाताने आत येतो. नाहीतर दोघं समोरासमोर बसलेली असूनही पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात, जणू बसथांब्यावर उभी आहेत. याचं कारण कॅमेऱ्याने ओलांडलेली रेषा. बोलणाऱ्या दोन माणसांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरायची आणि कॅमेरा सतत तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा चित्रपटाच्या व्याकरणातला १८० अंशांचा नियम. आपण तो सिनेमात रोज पाहतो. मोडला की मात्र काहीतरी चुकलंय एवढं कळतं, काय ते सांगता येत नाही.

सराव झाला की मुख्य काम. एका नव्या कथापटाची श्रेयनामावली आणि सुरुवात तयार करायची, जास्तीत जास्त दोन मिनिटांची. चित्र आणि आवाज सगळं स्वतःचं हवं. फक्त स्वामित्वहक्क नसलेलं संगीत किंवा ध्वनी बाहेरून घेतलेला चालेल. गुण १००. त्यातले २० अभ्यासाला आणि आखणीला, ६० प्रत्यक्ष चित्रफितीला आणि उरलेले २० मूल्यमापनाला. हे मूल्यमापन मुलांनी स्वतःच्याच कामाचं करायचं. गुण आधी आम्ही शिक्षक द्यायचो आणि मग परीक्षामंडळाचा बाहेरचा तपासनीस काही कामं मागवून आमचा हात फार सैल किंवा फार आखडता नाही ना, हे पाहायचा.

फक्त सुरुवातच का, असं तुम्ही विचाराल. सिनेमाची सुरुवात म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द असतो. हा सिनेमा हसवणार आहे की घाबरवणार, कोणाच्या डोळ्यांनी आपण तो पाहायचा, आणि पुढचे दोन तास कोणता प्रश्न मनात धरून बसायचं, हे सगळं तिथे ठरतं. शिवाय दोन मिनिटं म्हणजे सेकंदाला २५ चौकटींच्या हिशेबाने ३,००० चौकटी. एक दृश्यतुकडा सरासरी तीन सेकंदांचा धरला तरी चाळीस तुकडे. चार मुलांना दोन-तीन महिने पुरतील एवढं हे काम आहे.

दरवर्षी वर्गातले बहुतेक गट भयपट करायचे. धुकं, झाडी, धावणारी मुलगी, कॅमेऱ्यामागे कुणाचा तरी श्वास. स्वस्तात होतं आणि हमखास जमतं. सुपरहीरोच्या वाटेला फारसं कुणी जात नसे. तो उडणार कसा? गाडी उचलणार कशी? हॉलिवूडवाले त्यासाठी कोट्यवधी डॉलर ओततात, आणि आमच्याकडे चार कॅमेरे, त्यातल्या एकाचा तिपाई हललेला.

त्या वर्षी मात्र चौघं म्हणाली, आम्ही सुपरहीरोच करणार. सोमालियातून आलेल्या कुटुंबातला एक बोलघेवडा मुलगा, एक पोलिश मुलगी, बांगलादेशी वंशाची एक मुलगी, आणि चौथा एक गोरा मुलगा. हा चौथा फार कमी बोलायचा. पहिल्या तासाला हमखास उशिरा यायचा आणि उशिराचं कारण कधी सांगायचा नाही. मी त्याच्या नावापुढे बऱ्याचदा लाल खूण केलेली आहे.

कल्पना त्याचीच होती. त्याचा सुपरहीरो उडत नव्हता, मारामारी करत नव्हता. त्याला फक्त ऐकू यायचं. शहरात कुठेही कुणी मदतीसाठी हाक मारली तर ती त्याला ऐकू यायची. आणि सुरुवात होती स्वयंपाकघरात. सकाळची वेळ, किटली, टेबलावर आठवड्याच्या सात कप्प्यांची गोळ्यांची डबी. तो मुलगा एकेका कप्प्यात गोळ्या टाकतोय आणि त्याला लांबून हाका ऐकू येतायत.

मी ते वाचलं आणि म्हटलं, ‘‘छान आहे, पण यात सुपरहीरो कुठे आहे? तपासनीसाला पहिल्या दहा सेकंदांत कळलं पाहिजे हा कुठल्या प्रकारचा सिनेमा आहे ते. पोशाख हवा, शहर हवं, उंची हवी. स्वयंपाकघर कसलं दाखवता?’’

मुलांनी माना डोलावल्या. शिक्षकाने सांगितलं की डोलावतातच. तो मुलगा काहीच बोलला नाही.

मग अभ्यास सुरू झाला. अभ्यास म्हणजे इतरांच्या सुरुवाती एकेक तुकडा थांबवून पाहायच्या. कॅमेरा कुठे आहे, किती सेकंद आहे, आवाज कसला, अक्षरं कशी, हे वहीत उतरवायचं. १९७८ चा ‘सुपरमॅन’ घेतला. सुरुवातीला पडदा सरकतो, जुनं कॉमिक उघडतं, लहान मुलाचा आवाज येतो आणि मग अंतराळातून नावं सूं सूं करत अंगावर येतात. सुपरमॅन स्वतः त्यात नाहीच! ख्रिस्तोफर रीव्ह त्या निळ्या-लाल पोशाखात पडद्यावर यायला पुढे सुमारे पाऊण तास लागतो. नाइट श्यामलनचा २००० सालचा ‘अनब्रेकेबल’ कॉमिकवेड्यांविषयीच्या काही आकड्यांनी सुरू होतो आणि मग फिलाडेल्फियातल्या एका दुकानात जन्मलेलं बाळ दिसतं. २००४ चा ‘द इन्क्रेडिबल्स’ सुपरहीरोंच्या मुलाखतीने सुरू होतो आणि भल्या दांडगट महानायकाला शर्टाला माइक लावता येत नाही. २०१० च्या ‘किक-ॲस’मध्ये पंख लावलेला एक माणूस उंच इमारतीवरून झेप घेतो आणि थेट खाली गाडीवर आदळतो. २०१२ च्या ‘क्रॉनिकल’मध्ये एक मुलगा आपल्या खोलीत कॅमेरा लावतो आणि बाहेरून बाप दार बडवतो.

या यादीकडे आज पुन्हा पाहिलं की हसू येतं. यातल्या एकाही सुरुवातीत पोशाख घालून गच्चीवर ऐटीत उभा राहिलेला महानायक नाही. सगळ्या सुरुवाती कुठल्या ना कुठल्या अडचणीच्या आहेत. पुरावा माझ्याच फळ्यावर होता. मीच तो लिहिला होता आणि मला तो वाचता आला नव्हता.

मी त्यांना आपल्याकडचीही दोन उदाहरणं दाखवली. पहिलं दादासाहेब फाळक्यांचं. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्णाचं काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलं. चित्रपटाच्या आरंभी ती कृष्णाच्या वेषात दिसतच नाही. आधी दिसतो साध्या मुलीचा चेहरा आणि त्यावर एकामागून एक येणारे भाव. मग त्याच चेहऱ्यातून मोरपीस लावलेला कृष्ण उमटतो. कालियाला नमवणारी शक्ती नंतर, आधी घरातली मुलगी. दुसरं उदाहरण मालेगावचं. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी तिथे ‘मालेगाव का सुपरमॅन’ केला. तो कसा केला यावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्यात यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत शफीक शेख सुपरमॅन झालाय आणि हिरव्या पडद्यापुढे त्याला ‘उडवायची’ खटपट चाललीय. वर्ग आधी खदखदून हसला. मग हळूहळू शांत झाला. अलीकडे रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ च्या फेब्रुवारीत इथल्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा मला तो वर्ग आठवला.

आखणी म्हणजे स्टोरीबोर्ड. प्रत्येक तुकड्याचं एक छोटं चित्र काढायचं. चित्रकला यायला हवी असं नाही. काड्यांची माणसं चालतात. मग त्या चित्रांचे फोटो संगणकावर ओळीने लावून प्रत्येकाला ठरलेले सेकंद द्यायचे. हा झाला न चित्रित केलेला सिनेमा. इथेच कळतं की कुठे कंटाळा येतोय. जागेची परवानगी आणि धोक्यांची यादी वेगळी. आमच्या मुलांना गच्चीच्या कठड्याजवळ जायला सक्त मनाई होती, त्यामुळे हिरोचं ‘उंचीवर उभं राहणं’ जमिनीवरच झालं. एका बाकावर त्याला उभं करून कॅमेरा फरशीला टेकवून वर रोखला. मागे फक्त आकाश. खालून पाहिलं की माणूस मोठा आणि ताकदवान दिसतो, वरून पाहिलं की लहान आणि एकटा. या एका गोष्टीवर निम्मे सुपरहीरो उभे आहेत.

उडण्यासाठी हिरवा पडदा. हिरवाच का? एक तर माणसाच्या कातडीत तो रंग फारसा नसतो, म्हणून संगणकाला ‘हिरवं तेवढं काढून टाक’ असं सांगता येतं. दुसरं, डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर हिरवा रंग टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्या बिंदूंच्या दुप्पट असतात, त्यामुळे तो रंग स्वच्छ टिपला जातो. पडद्यावर प्रकाश सगळीकडे सारखा हवा, आणि माणूस पडद्यापासून चार पावलं पुढे हवा, नाहीतर हिरवी झाक त्याच्या कानांवर पडते. आमच्या मुलांनी हे सगळं नीट केलं. मुलगा टेबलावर पालथा झोपला, समोर टेबलफॅन लावला, आणि मागे जोडायला डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसून सरकत्या शहराचं चित्रण केलं. एकच गोष्ट राहिली. पोलिश मुलीने घरून आणलेल्या चादरीचा झगा केला होता आणि ती चादर होती हिरवी! संगणकाने पडद्याबरोबर झगाही काढून टाकला. पाठीच्या जागी लंडनमधल्या इमारती सरकत होत्या. पुढच्या आठवड्यात लाल पडद्याचं कापड आणून सगळं पुन्हा केलं.

आवाजाकडे मुलं सर्वांत शेवटी वळतात. खरं तर चित्र थोडं डळमळलं तरी प्रेक्षक सांभाळून घेतो, आवाज फाटला की उठून जातो. झग्याच्या फडफडीसाठी छत्री भराभर उघडायची-मिटायची. ठोसा मारायचा तर कोबीचा गड्डा. आणि प्रत्येक जागेचा ‘रिकामा आवाज’ अर्धा मिनिट नोंदवून ठेवायचा, म्हणजे तिथे कुणी बोलत नसताना जो असतो तो. रिकाम्या खोलीचाही आवाज असतो. स्वयंपाकघराचा वेगळा, जिन्याचा वेगळा. संकलनात दोन तुकड्यांमधली भेग याच आवाजाने बुजवतात.

फेब्रुवारीत पहिली प्रत तयार झाली. शहर, आकाश, बाकावरचा महानायक, लाल झगा, ढोलांचं संगीत, मोठ्या धातूच्या अक्षरांत नाव. मला आवडली. मी म्हटलं, आता प्रेक्षकांना दाखवा.

इथे मूल्यमापन सुरू होतं, म्हणून जरा थांबून सांगते. मुलांना सात प्रश्नांची उत्तरं द्यायची असत. तुमच्या चित्रफितीने या प्रकारच्या सिनेमांचे संकेत कसे वापरले, पुढे नेले किंवा मोडले? समाजातल्या कुठल्या गटांचं चित्रण केलं आणि कसं? असा सिनेमा कुठली संस्था वितरित करेल? प्रेक्षक कोण? त्या प्रेक्षकाला तुम्ही आकर्षित कसं केलंत? तंत्राबद्दल काय शिकलात? आणि त्या दार-खुर्चीच्या सरावापासून इथपर्यंत तुमच्यात काय बदल झाला?

यातला प्रेक्षकांचा प्रश्न सुपरहीरोंच्या बाबतीत फार गमतीचा आहे. २००२ साली ‘स्पायडरमॅन’ ब्रिटनमध्ये लागला तेव्हा त्याला ‘१२’ हे प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना आईबापांबरोबरही प्रवेश नाही. आणि त्या सिनेमाचे खरे भक्त तर आठ-दहा वर्षांचे! पालकांची ओरड झाली, काही नगरपालिकांनी आपापल्या हद्दीत नियम सैल केला, आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर ‘१२ ए’ हा नवा वर्ग आला. बारा वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाबरोबर आली तर चालेल, असा. तेव्हा ‘आमचा प्रेक्षक पंधरा ते पंचवीस’ असं नुसतं लिहून भागत नाही. त्याला नेऊन दाखवावं लागतं.

दाखवतानाही एक पथ्य आहे. ‘आवडलं का?’ असं कधी विचारायचं नाही. मित्र ‘मस्त!’ म्हणतात, आई ‘छान!’ म्हणते, आणि हातात काहीच पडत नाही. विचारायचं ते असं: तुम्हाला काय कळलं? हा माणूस कोण आहे? पुढे काय होईल असं वाटतं? आणि दाखवत असताना पडद्याकडे न बघता प्रेक्षकांच्या चेहऱ्यांकडे बघायचं. कोणत्या सेकंदाला त्यांनी खुर्चीत चुळबुळ केली, ते टिपायचं.

आमच्याच आवारात शाळाही होती. तिथल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा एक वर्ग बोलावला. चित्रफीत सुरू झाली. झगा फडफडला आणि वर्ग हसला. विनोदाला हसतात तसा नव्हे. संपल्यावर विचारलं, हा कोण आहे? ‘‘माहीत नाही.’’ पुढे काय होईल? ‘‘मारामारी.’’ एका लहानग्या मुलीने उलट प्रश्न केला, ‘‘तो तिथे नुसता उभा का आहे?’’

संकलन करणारी बांगलादेशी मुलगी वहीत लिहीत होती. मुलं गेल्यावर मी म्हटलं, ‘‘मूल्यमापनात लिहा की संगीत थोडं कमी पडलं.’’ ती वर न बघता म्हणाली, ‘‘मिस, पण ते खरं नाही ना. तो तिथे उभा आहे, कारण तुम्ही उभा करायला सांगितलंत.’’

वर्गात कुणी काही बोललं नाही. राग आला का? आला. पंधरा वर्षांच्या नोकरीचा एक ताठा असतो. पण वही तिच्या हातात होती आणि वहीत त्या लहानग्या मुलीचा प्रश्न जसाच्या तसा लिहिलेला होता. मी विचारलं, ‘‘मग तुम्ही काय केलं असतंत?’’ तेव्हा तो चौथा मुलगा पहिल्यांदा बोलला. म्हणाला, ‘‘स्वयंपाकघर चित्रित केलेलं आहे. मीच केलं. घरी.’’

काम द्यायला चार दिवस उरले होते. त्याने आणलेलं चित्रण आम्ही पाहिलं. धूसर उजेड, किटली, गोळ्यांची डबी, त्याचे स्वतःचे हात. हात इतके सवयीने चालत होते की ते अभिनयाचे हात नव्हेत हे कळत होतं. त्याच्या आईला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. सकाळी तिला उठवून, आवरून, गोळ्या देऊन तो कॉलेजला येत होता. माझ्या त्या लाल खुणांचा अर्थ मला त्या दुपारी कळला.

आता खरी अडचण सुरू झाली. मूळ आराखड्यात आतल्या खोलीतून आईचं कण्हणं ऐकू येणार होतं. चित्रणाच्या प्रश्नावर पोलिश मुलगी अडली. म्हणाली, ‘‘आजारी माणूस सिनेमात फक्त हिरोला चांगला दाखवायला असतो का?’’ मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘आई काही दिवसभर कण्हत नाही. जास्त वेळ ती मला ओरडतच असते.’’ सगळे हसले, तोही हसला. मी बजावलं की आईची परवानगी घेतल्याशिवाय यातलं एक सेकंदही वापरायचं नाही. घर तिचं आहे, आजार तिचा आहे. त्याने विचारलं. ती परवानगी देऊन थांबली नाही. चेहरा दाखवायचा नाही, आवाज मात्र मीच देणार, असं तिने कळवलं.

दुसरी प्रत अशी झाली. काळ्या पडद्यावर नुसते आवाज: किटली, रस्ता, शेजारच्यांचा रेडिओ. मग हात, डबी, सोमवार, मंगळवार. नावं त्या डबीच्या कप्प्यांवरच्या अक्षरांएवढीच बारीक. हळूहळू एकेक आवाज कमी होत जातो. किटली थांबते, रेडिओ थांबतो, खोलीचा रिकामा आवाजसुद्धा नाहीसा होतो, आणि त्या शांततेत फार लांबून एक अस्पष्ट हाक. हात थांबतो. खिडकी. त्याच क्षणी आतून आईचा खणखणीत आवाज, ‘‘अरे, बस चुकेल तुझी!’’ तो एकदा आतल्या दाराकडे बघतो, एकदा खिडकीकडे, आणि म्हणतो, ‘‘आलो!’’ काळा पडदा. सिनेमाचं नाव. एक मिनिट बावन्न सेकंद. खर्च शून्य.

महानायकाची शक्ती दाखवायला त्यांनी काहीच घातलं नव्हतं; उलट एकेक आवाज काढून घेतला होता. हे माझ्या वीस तासांच्या शिकवण्यात कुठेही नव्हतं.

शाळेतला दुसरा वर्ग बोलावला. कुणी हसलं नाही. संपल्यावर दोन-तीन सेकंद शांतता, आणि मग आम्ही विचारायच्या आधीच मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘तो ‘आलो’ कोणाला म्हणाला?’’ त्यावर त्या मुलांचंच भांडण लागलं. आईला! नाही, बाहेरच्याला! आमची चौघं एकमेकांकडे बघत होती. सुरुवातीने प्रेक्षकाला प्रश्न द्यायचा असतो म्हणून मी जे फळ्यावर लिहीत आले, ते बारा वर्षांची पोरं माझ्यासमोर आपसांत वाजवून वाजवून सांगत होती.

आता गुण. भावनेच्या भरात द्यायचे नसतात. स्वयंपाकघरातले दोन तुकडे हललेले होते. खिडकीच्या दृश्यात उजेड जास्त झाला होता. एके ठिकाणी डबी आधी उजव्या बाजूला होती आणि पुढच्या तुकड्यात डावीकडे गेली होती. चित्रफितीचे गुण मी ६० पैकी ४८ दिले, ५५ नव्हेत. मूल्यमापनाचे मात्र २० पैकी १९. कारण त्यांनी ‘आम्ही खूप शिकलो, मजा आली’ असं लिहिलं नव्हतं. दोन्ही प्रती शेजारीशेजारी लावून, प्रेक्षक कुठल्या सेकंदाला हसले, का हसले, कुणाच्या सल्ल्यावरून काय केलं आणि ते का बदललं, हे दाखवलं होतं. ‘सल्ला शिक्षकांचा होता’ हे वाक्यही त्यात होतं. त्या वाक्याखाली सही करून कागद बाहेरच्या तपासनीसाकडे पाठवताना माझा हात क्षणभर थांबला होता, हे आज कबूल करते. गुण जसेच्या तसे कायम झाले. त्यावर कुणाचा काही शेरा आला नाही.

शाळेने त्या मुलाची पहिल्या तासाची वेळ बदलून दिली. आम्हाला आधीच विचारता आलं असतं. आम्ही फक्त खूण करत होतो.

पुढे २०१७ पासून अभ्यासक्रम बदलला. प्रात्यक्षिकाचा वाटा निम्म्यावरून ३० टक्क्यांवर आला आणि काम गटाने नव्हे, एकेकट्याने करायचं ठरलं. एकट्याने केल्यावर कुणी किती केलं ते तपासायला सोपं जातं, हे खरं आहे. पण ‘मिस, ते खरं नाही ना’ असं म्हणणारी शेजारी कोण बसणार?

मी आता परत आले आहे. सुटीत शेजारपाजारची मुलं मोबाइल घेऊन येतात, म्हणतात, सिनेमा करू या. आज प्रत्येक फोनमध्ये आमच्या त्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला कॅमेरा आहे आणि संकलनाची सोयही आहे. तुमच्या घरातही अशी मुलं असतील. त्यांना करू द्या. आधी दार, खोली आणि खुर्ची. मग काड्यांच्या माणसांचा स्टोरीबोर्ड. मग दोन मिनिटं, एक सेकंद जास्त नको. आवाज नीट घ्यायला सांगा. गच्चीच्या कठड्यावर चढू देऊ नका. आणि ते दाखवायला आणतील तेव्हा ‘छान!’ म्हणून मोकळे होऊ नका. ‘मला एवढं एवढं कळलं, पुढे असं होईल वाटतं,’ असं सांगा. मुलांना त्याचाच उपयोग होतो.

एवढं मात्र सांभाळा, की त्यांनी स्वयंपाकघरात काही मांडलं असेल, तर त्यांना घाईने गच्चीवर पाठवू नका. आधी विचारा, ‘‘हे स्वयंपाकघर का?’’ मला ते विचारायला चार महिने लागले होते.